अस्तरातलं शिसं

१

तुळसा केळुसकर बुडाली ती समुद्रात नाही की खाडीत नाही. बुडाली दादरच्या एका शाळेच्या तरण तलावात, भर सकाळी, तळाच्या निळ्या फरश्यांवर उन्हाची जाळी हलत असताना.

मालवणच्या समुद्रात खारं पाणी पिऊन, कान ठणकवून घेऊन ती स्कूबाची परीक्षा पास झाली होती. पाकिटातल्या कार्डाचा प्लास्टिकचा वास अजून गेला नव्हता. आता तयारी चालली होती ती गोड्या पाण्याची. चिंतामणी रेगे सर, नौदलातून निवृत्त झालेले जुने पाणबुडे, घाटावरच्या एका धरणाच्या तलावात आपली तुकडी घेऊन उतरणार होते. धरणाची दगडी भिंत जुनी, पाण्याखाली भेगा कुठवर गेल्यात ते पाहायचं होतं. पाऊस लागला की तलाव गढुळणार आणि भिंत वर्षभर दिसायची नाही. तुकडीत नव्या माणसाला जागा एकच. ती तुळसाला मिळाली होती आणि त्या दिवसापासून तिची पावलं डिलाईल रोडच्या फुटपाथला टेकत नव्हती.

खारं पाणी माणसाला उचलून धरतं, गोडं पाणी तेवढं धरत नाही. म्हणून समुद्रात कमरेच्या पट्ट्याला जेवढं शिसं लावतात त्यातलं बरंचसं तलावासाठी उतरवायचं, हा सरांचा पहिला धडा. तुळसाने तो पाठ केला होता. काल संध्याकाळी तिने पट्ट्यातले ठोकळे स्वतःच्या हाताने काढून खाटेखाली सारले होते.

आणि तरीही, पाण्यात उतरली ती थांबलीच नाही. विहिरीत दोर सुटलेली घागर जावी तशी खाली खाली गेली. घाबरून तिने टाकी बांधलेल्या, हवा भरली की तरंगवणाऱ्या जाकिटात हवा भरायच्या ऐवजी हवा सोडायचं बटण दाबलं. गुडघे फरशीवर आपटले. तोंडातल्या नळीतून श्वास येत होता, पण छातीत मावत नव्हता. तेवढ्यात कोणीतरी मागून तिचा पट्टा सोडला, काखेत हात घातला आणि तिला वर खेचलं.

तो शिवा होता. तिच्याबरोबरच पास झालेला, आणि ज्याला ती जागा मिळाली नव्हती असा शिवा.

काठावर ती खोकत बसली असताना सरांनी आवाज न चढवता निकाल दिला, की समुद्राचं शिसं घेऊन ती गोड्या पाण्यात उतरली. ती म्हणाली, काढलं होतं. सर म्हणाले, नव्या माणसाला तसंच वाटतं. ती पुन्हा म्हणाली, काढलं होतं. मग तिने शिवाने तळातून वर आणलेला पट्टाच त्यांच्या पायाशी टाकला. सरांनी ठोकळे पाहिले. बरोबर होते, जितके हवे तितकेच.

सरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी टाकी सोडवून नुसतं जाकीट उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग ते पालथं घातलं आणि टाकी जिथे पाठीला टेकते तिथल्या अस्तरावरून बोट फिरवलं. एका जागी बोट अडलं.

"ये, हात लाव इथे," ते म्हणाले.

तुळसाने हात लावला. अस्तराच्या आत, मणक्याच्या दोन्ही अंगांना, काहीतरी कडक आणि जड होतं. कोणीतरी तिच्या पाठीशी शिसं शिवलं होतं.

२

माणूस बुडता बुडता वाचला की आधी रडतो नाहीतर आधी भांडतो. तुळसा भांडली.

तिचं बोट शिवाकडे गेलं. कपडे बदलायच्या खोलीत जाकीट ठेवून ती टाकी आणायला गेली होती, तेव्हा खोलीत शिवा होता. जागा गेल्याचा राग कोणाला, तर शिवाला. वरळी कोळीवाड्यात कोणाच्या बापाची होडी, कोणाच्या घरात जाळ्याचं शिसं, तर शिवाच्या. आणि ती बुडाल्यावर सगळ्यांच्या आधी तिच्यापाशी पोचला तोही शिवाच. ती बुडणार हे आधीच माहीत असल्याशिवाय माणूस एवढ्या लवकर पोचतो कसा, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं.

शिवा टॉवेलने डोकं पुसत होता, तो थांबला.

"म्हणजे तुला बुडू दिलं असतं तर मी साव ठरलो असतो," तो म्हणाला. "पाण्यात मी तुझा जोडीदार होतो, तुळसा. जोडीदाराने दुसरं काय बघायचं असतं?"

सरांनी जाकिटाची घडी घालून तिच्या हातात दिली. शिवाने हे केलं असेल तर तो पुन्हा माझ्या पाण्यात उतरणार नाही, ते म्हणाले. केलं नसेल, तर तू एका माणसावर आळ घेतलास. परवा सकाळी गाडी निघते. उद्या संध्याकाळपर्यंत मला येऊन सांग, कोणी केलं आणि कशावरून. अंदाज नको.

शाळेच्या फाटकाबाहेर फुलवाल्यांची गर्दी होती. तुळसा जाकीट छातीशी धरून बसस्टॉपवर उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं आणि तिला सगळ्यांचा राग आला होता. सरांचा, शिवाचा, उशिरा येणाऱ्या बसचा. इतक्या मेहनतीने माणूस एका दाराशी पोचतो, आणि दारातच कोणीतरी त्याच्या पाठीला धोंडा बांधतं.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली तेव्हा तिने अस्तर पहिल्यांदा नीट पाहिलं. शिवण हाताची होती. बारीक, जवळजवळ टाके, एकाला एक लागून, दुहेरी दोऱ्याने, दोन्ही टोकांना गाठ मारून. असं शिवायला माणसाला मांडी घालून निवांत बसावं लागतं. टाकी आणायला ती गेली आणि आली, तेवढ्यात शिवाचं सुईत ओवूनसुद्धा झालं नसतं.

तिने ज्याच्यावर बोट रोखलं होतं तो निर्दोष होता.

३

शिवण म्हटल्यावर दुसरं नाव निघत होतं ते नानाचं. जाकीट तिने जुनंच घेतलं होतं, त्याचा एक खिसा फाटलेला. लालबागला स्कूटरची कव्हरं आणि सीटा शिवणाऱ्या नानाने तो कालच शिवून दिला होता.

नाना मशीनवरून मान वर न करता बोलायचा. तुळसाने जाकीट पुढे टाकून नुसतंच विचारलं, की आत आणखी काही शिवलंस का. तो म्हणाला, सांगितलं तेवढं शिवतो, सांगितलं नाही ते शिवायला मी काय तुझा सासरा लागतो? तिने अस्तर दाखवलं. त्याने चष्मा वर केला, टाके पाहिले आणि त्याला खरंच अपमान वाटला.

"हे माझं म्हणून दाखवतेस?" तो म्हणाला. "माझ्या दुकानात हाताने बटणसुद्धा लावत नाय मी."

मग तो बडबडत राहिला, आणि त्या बडबडीत तिला स्वतःचंच काही आठवलं. काल संध्याकाळी इथून निघताना पावसाळी ढग आले होते. तिने छत्री एका हातात घेतली होती, भाजीची पिशवी त्याच हाताच्या मनगटाला, आणि जाकीट दुसऱ्या हाताच्या एका बोटावर अडकवून ती लालबागपासून घरापर्यंत चालत गेली होती. गुणगुणत. बोटाला रग लागली नव्हती. आता तेच जाकीट दोन हातांत धरूनही खांदे खाली ओढत होतं.

म्हणजे नानाच्या दुकानातून निघालं तेव्हा ते हलकं होतं. सकाळी पिशवीत पट्ट्याच्या शिशाबरोबर नेलं म्हणून वेगळं जाणवलं नाही, पण टाकीला बांधलं तेव्हा ते जड होतं. मधल्या काळात ते एकाच ठिकाणी होतं: तिच्या घरात, माळ्याखालच्या खुंटीवर.

तिने नानाची कात्री मागितली. तो म्हणाला, घरी जाऊन काप, माझ्या दुकानात कज्जा नको. ती तिथेच पायरीवर बसली आणि दातांनी दोरा तोडला. आतून मांजरपाटाच्या अरुंद लांब पिशव्या निघाल्या, आणि पिशवीतून तिच्या ओच्यात घरंगळलं ते शिसं. दुकानातलं नवं नव्हे. ठोकून चपटं करून वळलेले छोटे छोटे तुकडे, मधोमध दोरी बसेल अशी खाच, आणि खाचेत पांढरं खार धरलेलं. जाळ्याचं शिसं. समुद्र पाहून आलेलं.

४

चाळीत त्यांच्या खोलीत सध्या तिघं होती. तुळसा, तिचे वडील गुणाजी, आणि चार दिवसांसाठी राहायला आलेली काशीआते.

मायलेकी म्हणावं तसं आतेचं आणि तुळसाचं होतं. आई गेल्यापासून आतेनेच तिचे केस विंचरले होते. पण ह्या खेपेला आते आली होती ती एक स्थळ घेऊन. मुलाकडची माणसं यायची होती नेमकी त्याच दिवशी, ज्या दिवशी तुळसा घाटावरच्या तलावात उतरणार. दोघींचं कालच कडाक्याचं वाजलं होतं. आते म्हणाली होती, पाण्यात उतरणारी सून कोणाक व्हयी? आणि तुळसा म्हणाली होती, मग कोणाला नकोच असू दे.

तेव्हा कारण होतं ते आतेला. घरात होती आते. तुळसा जिना चढली ती दातओठ खात.

आते दारात बसून सुकट निवडत होती, एकेक काडी डोळ्यांपाशी नेऊन. तुळसाने शिसं तिच्या सुपात ओतलं आणि विचारलं, हे तू केलंस का.

आतेने ते तुकडे बोटांनी चाचपले. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तिचं बघणं आता बोटांतच होतं.

"गो बाय," ती म्हणाली, "माका तुका अडवूचा असता तर मी शिवूक बसलंय असतंय? जाकीट खालच्या गटारात टाकून दिलंय असतंय आणि वर तुका सांगितलंय असतंय, मीच टाकलंय म्हणान."

हे खरं होतं, इतकं खरं की तुळसाला त्याचाही राग आला. आते भांडायची ती उघड्यावर, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं. आणि ज्या बाईला सुईचं नाकं दिसत नाही, ज्या बाईचा दोरा तुळसाच ओवून द्यायची, तिने हे टाके घातले कसे असते?

आते अजून शिसं चाचपत होती. "ह्या आपल्याच जाळ्याचा," ती सहज म्हणाली. "ह्या खयसून काढलंस?"

तुळसाने स्टूल ओढलं आणि माळ्यावर चढली.

माळ्यावर, जुन्या ट्रंकेच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेलं बाबांचं जाळं होतं. संप फिसकटला, गिरणी गेली, तेव्हा गुणाजी गावी जाऊन भावाच्या होडीवर राहिले होते, आणि तिथे त्यांनी हे जाळं स्वतः विणलं होतं. होडी विकली गेली. जाळं घेऊन ते पुन्हा मुंबईला आले. आता ते भाऊच्या धक्क्यावर दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करायचे, पण ह्या जाळ्याला कोणाला हात लावू देत नसत. कोणी मागितलं तर म्हणत, ह्या माझा असा, माका एक दिवस परत जावचा असा.

तुळसाने गोणपाट उलगडलं. जाळ्याची तळची दोरी बोटांतून सरकवत नेली, ह्या टोकापासून त्या टोकाकडे.

दोरी निम्मीअधिक उघडी होती. शिसं उपटून काढलेलं, आणि उपटलेल्या जागी दोरा ताजा पांढरा दिसत होता.

५

ती माळ्यावरच बसून राहिली. खाली आते विचारत होती, काय गो, काय झाला.

बाबांनी तिला कधी जा म्हटलं नव्हतं, कधी नको म्हटलं नव्हतं. तिचं कार्ड आलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं होतं. तिला ते टोचलं होतं. हा माणूस मनातून विरुद्धच आहे, असं तिने कधीच ठरवून टाकलं होतं. मग हा त्या विरोधाचाच पुरावा म्हणायचा?

पण टाके तसं सांगत नव्हते. वाईट करणारा शिसं एका खिशात कोंबतो आणि निघून जातो. इथे दोन पिशव्या होत्या, मणक्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या, की पाण्यात पोर कलंडू नये. पिशव्यांची तोंडं दुमडून आत घातली होती, की शिसं पाठीला रुतू नये. दोरा दुहेरी, की मध्येच सुटू नये. ज्याने हे शिवलं त्याला ती खाली नीट उभी राहायला हवी होती. त्याने तिचं भलं शिवलं होतं.

मग शिशाने भलं होतं असं त्याला वाटलं का? तुळसाने माळ्यावरून मान खाली काढून आतेला विचारलं, की जाळ्याला जास्तीचं शिसं कधी लावतात.

आते म्हणाली, खाडीक ओढ असली म्हणजे. वाहतं पाणी जाळ्याचा पाय उचलून नेतं, मग तळाला काहीच राहत नाही. ओढ जितकी जोराची, तितकं शिसं जास्त. ता लहान पोरांक पण म्हायत असता.

आणि तेव्हा तुळसाला परवाचा चहा आठवला. ती पिशवी भरत होती, घाईत होती. बाबा कप हातात धरून एकेक विचारत होते. तलाव खोल किती. तळ रेताड की चिखलाचा. पाणी व्हावता काय गो थंय? ती मान वर न करता सगळ्यालाच हो म्हणत गेली होती. हो, खोल आहे. हो, चिखल. हो हो, वाहतं, धरण आहे ना, दारं उघडतात. बाबा, मला उशीर होतोय.

आते तेव्हा आली नव्हती. ते उत्तर ऐकणारा माणूस एकच होता. पट्ट्यातून काढून तिने खाटेखाली सारलेले ठोकळेही त्यांनी पाहिले असणार. वाहत्या पाण्यात निघालेली पोर आपलं वजन घरीच ठेवून चालली, असं त्यांना वाटलं असणार. जन्मभर जे पाणी पाहिलं त्याच्या हिशेबाने ते बसले आणि त्यांनी पहाटेच्या उजेडात तिची पाठ जड केली.

६

सुटका अजून एका वाटेने होती, आणि ती वाट ठाकूरद्वारला सरांच्या घरापर्यंत तुळसाच्या बरोबर चालत आली. नानाचं नाव घ्यायचं. शिवणाराच तो, कोण जाऊन टाके तपासतंय? बाबांचं नाव कुठे येणार नाही, जागा कदाचित राहील.

सरांनी शिवालाही बोलावून घेतलं होतं. तो खिडकीपाशी उभा होता, तिच्याकडे न बघता. त्याला पाहिल्यावर तुळसाला कळलं की एकदा चुकीचं बोट दाखवलेला हात दुसऱ्यांदा तसाच उचलवत नाही. तिने पहिल्यापासून सांगितलं. टाके, जाकीट अडकवलेलं एक बोट, आतेचे डोळे, माळ्यावरची उघडी दोरी, परवाचा चहा. शेवटी शिवाकडे वळून ती म्हणाली, की मी आळ घेतला, तो सगळ्यांसमोर घेतला, माफीही सगळ्यांसमोर मागेन.

शिवाने मान हलवली. एवढंच.

सरांनी तिला विचारलं, की सकाळी जाकीट अंगात घालण्याआधी तू ते हातांनी तपासलंस का. ती म्हणाली, नाही. कालच शिवून आणलं होतं म्हणून.

"शोध बरोबर आहे," सर म्हणाले. "त्यात मला खोट दिसत नाही. पण जागा शिवाला जाईल. तुझ्या वडलांनी शिवलं म्हणून नाही. तू न बघता घातलंस म्हणून."

गुन्हेगार सापडला होता, आणि तो शोधून तिने स्वतःचीच जागा घालवली होती. जिना उतरताना तिला ओरडावंसं वाटलं. ओरडायचं कोणावर, तेवढं मात्र कळेना.

७

ती घरी पोचली तेव्हा गुणाजी धक्क्यावरून आले होते आणि गॅलरीत पाय धूत होते. त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर एक दबलेली उत्सुकता होती, जी तिने आजवर कधी पाहिली नव्हती, की पाहायची तसदी घेतली नव्हती.

"रवलंस मा गो पाण्यात सरळ?" त्यांनी विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. ती त्यांना परवासारखंच हो म्हणू शकली असती. पण त्या हो वरच तर सगळं बुडालं होतं. तिने पायरीवर बसून सांगितलं. तलावाचं पाणी उभं असतं. मी चुकीचं सांगितलं. गोड्या पाण्यात शिसं कमी लागतं, जास्त नाही. मी बुडाले होते, बाबा. शिवाने वर काढलं. जागा गेली. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला आणि शेवटी ती ओरडलीच, की विचारायचं तरी होतं मला. म्हणाली आणि गप्प झाली, कारण विचारलं तर होतंच.

गुणाजींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आतेने आतून हाक मारली.

मग ते उठले. आत जाऊन त्यांनी ट्रंकेतला इस्त्रीचा शर्ट काढला आणि घालू लागले. तुळसाने विचारलं, कुठे. ते म्हणाले, तुझ्या सरांकडे.

संप मोडल्यावर गिरणीने पुष्कळांना परत घेतलं होतं. अट एकच, की आत येताना झाल्या गोष्टीची माफी मागायची. गुणाजी गेले नव्हते. घरात चूल थंड असतानाही गेले नव्हते, आणि त्यावरून आईने किती आसवं गाळली होती ते आते अजून सांगायची. तोच माणूस आता गळ्याशी बटण लावत होता. तुळसा म्हणाली, काही उपयोग नाही, सर बदलणार नाहीत. ते म्हणाले, तू येव नको. ती तणतणत चपला घालून मागे निघाली, जाकीट काखेत मारून.

सरांनी दार उघडलं आणि दोघांना पाहून त्यांचा चेहरा घट्ट झाला. नकार त्यांच्या ओठांवर तयार होता, तो तुळसाला दिसला.

"मी जागेचा काय सांगूक येवक नाय," गुणाजी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "ती गेली ती गेली. चूक माझी. ह्या जाकीट पाण्यात जावच्या आधी कसा तपासतत, ता माका शिकवा. पुढच्या खेपेक मी बघून देयन."

सर दारात उभेच राहिले. मग बाजूला सरून त्यांनी दोघांना आत घेतलं, चटई पसरली, आणि तुळसाला म्हणाले, "तू शिकव. मी ऐकतो."

परवा गाडी तिच्याशिवाय निघणार होती. त्या भिंतीच्या भेगा शिवाला दिसणार होत्या, तिला नाही. ते दुखणं जसंच्या तसं होतं. तरीही ती चटईवर बसली, जाकीट पसरलं आणि एकेक दाखवू लागली. बाबा प्रत्येक गोष्टीला हात लावत होते, पट्टे ओढून बघत होते, कळलं नाही तर पुन्हा विचारत होते. ती पुन्हा सांगत होती. खांद्यापाशी दोरीला बांधलेली एक पिवळी शिट्टी होती. ती कित्याक, त्यांनी विचारलं. पाण्यावर आल्यावर होडी लांब असली, आपण कोणाला दिसत नसलो, तर वाजवायची, ती म्हणाली.

गुणाजींनी शिट्टी तोंडात धरली आणि छातीतलं सगळं लावून फुंकली.

सरांच्या हातातला पेला हिंदकळला. वाडीतली कुत्री भुंकू लागली, समोरची खिडकी उघडली, आणि कोणी म्हातारा काय झालं म्हणून ओरडला. सर म्हणाले, अहो, घरात नाही वाजवायची. गुणाजींनी शिट्टी शर्टाला पुसून जागेवर ठेवली.

"आयकाक येता," ते लेकीला म्हणाले. "फुडला सांग."